तीन रोपं, चार खड्डे

टेपचं एक टोक धरायला चन्नवीरने हाक मारली तेव्हा दाक्षायणी शेंगदाणे भाजत होती. गॅस बारीक करून ती बाहेर आली आणि दिराने दाखवलं तिथे, वादळात पडलेल्या कडुनिंबाच्या खड्ड्याच्या अलीकडे, टोक दाबून उभी राहिली. चन्नवीर त्याला वळसा घालून पलीकडच्या खड्ड्यापर्यंत उलटा चालत गेला.

"साडेअकरा फूट!" तो तिथूनच ओरडला. "बसती की गाडी. आरामात बसती. वहिनी, एवढा हा खड्डा बुजवला की हितं दुसरं गेट करता येतंय."

दाक्षायणीने टेप सोडला नाही. म्हणजे निकाल लागलासुद्धा होता, आणि तिला बोलावलं होतं ते टेप धरण्यापुरतं.

वळवाचं वादळ सोलापूरला नवं नाही. मे महिन्यात एखाद्या दुपारी धूळ उठते, पत्रे उडतात, लाइट जाते, चार टपोरे थेंब पडतात आणि दुसऱ्या दिवशी ऊन पुन्हा आपल्या कामाला लागतं. पण तीन आठवड्यांपूर्वीच्या वादळाच्या अंगात काय संचारलं होतं कोण जाणे, त्याने शहरातली झाडंच झोपवली. मंगरुळ्यांच्या कोपऱ्यावरच्या घरापुढे रस्त्याकडेला पाच झाडं ओळीने उभी होती. त्यातली चार अर्ध्या तासात आडवी झाली. गुलमोहर कंपाउंडवर पडला, सोनमोहर विजेच्या तारांवर, कांचन नुसताच कुशीवर वळल्यासारखा कलंडला, आणि कडुनिंबाने नेम धरून चन्नवीरची तीन महिन्यांपूर्वी घेतलेली गाडी गाठली. पुण्याची नोकरी सोडून तो कायमचा घरी आला त्याला अजून पंधरवडाही झाला नव्हता. तेव्हापासून त्या झाडाचं नाव काढलं की त्याच्या नाकाला मिरच्या झोंबत.

उभा राहिला तो फक्त करंज. आणि करंज गुरुशांतचा होता, म्हणजे दाक्षायणीच्या नवऱ्याचा, म्हणजे भांडणाला तोंड फुटायला तेवढं कारण पुरेसं होतं.

मंगरुळ्यांच्या घरची ही एक जुनी रीत. घरात मूल जन्मलं की बाराव्या दिवशी त्याच्या आंघोळीचं पाणी आत्याने घरापुढच्या खड्ड्यात ओतायचं, वडलांनी रोप लावायचं, आणि मगच मुलाला पाळण्यात घालून आत्याने कानात नाव सांगायचं. सासरे वीरभद्रप्पा, ज्यांना गल्लीतलं शेंबडं पोरही आप्पाच म्हणे, त्यांनी माळरानावर हे घर बांधलं तेव्हा सावलीला म्हणून सुरू केलेली ही गोष्ट पुढे सोन्याच्या दागिन्यासारखी जपली गेली. करंज गुरुशांतचा. गुलमोहर मधल्या श्रीदेवीचा, तिला अकलूजला देऊन आता छत्तीस वर्षं होत आली. सोनमोहर धाकट्या चन्नवीरचा. कांचन दाक्षायणीच्या मुलाचा, सिद्धेश्वरचा, तो सध्या बंगळुरात होता. चन्नवीरच्या दोन्ही मुली पुण्यात जन्मल्या, त्यामुळे त्यांच्या वाट्याला बाल्कनीतल्या कुंड्या आल्या.

नावं चार झाली. झाडं मात्र पाच होती. सोनमोहर आणि कांचन यांच्या मधला कडुनिंब कुणाचा, हे घरात कुणीच कधी नीट विचारलं नव्हतं. दाक्षायणीने तर मुळीच नाही, कारण तिला ते ठाऊक होतं. निदान एकतीस वर्षं ती तसं धरून चालली होती.

सिद्धेश्वरच्या आधी तिला एक मुलगी झाली होती. पहिलं बाळंतपण, त्यामुळे माहेरी, अक्कलकोटला. नवव्या दिवशी ताप आला आणि संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं. पुरुषमंडळी तिला पुरायला रुद्रभूमीत घेऊन गेली. ओल्या बाळंतिणीला तिकडे कोण नेणार? बारसं व्हायचं होतं, म्हणून नाव नव्हतं. नाव नव्हतं, म्हणून तिच्याविषयी बोलायचं तर कशी सुरुवात करायची हेच कुणाला समजेना. घरात त्याला नुसतं "तेव्हाचं ते" म्हणत. दोन महिन्यांनी दाक्षायणी सासरी परतली तर सोनमोहराशेजारी वीतभर उंचीचा कडुनिंब उभा. तिने ओळखलं. सासूबाईंनी, चंद्रव्वांनी, ज्यांना घरात अव्वा म्हणत, कुणाला न सांगता लावला. तिने पाणी घालायला सुरुवात केली. चंद्रव्वा तोंडाने एक अक्षर बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून नळाशी एक भरलेली बादली पहाटेच तयार असे. दाक्षायणीने कधी विचारलं नाही. विचारलं आणि त्या नाही म्हणाल्या असत्या तर? आता चंद्रव्वाही जाऊन चार वर्षं झाली होती.

"वहिनी, सोडा की टेप," चन्नवीर म्हणाला.

तिने सोडला. टेप सुर्रकन त्याच्याकडे पळाला.

महापालिकेच्या उद्यान विभागाच्या मॅडम बारा वाजता येणार होत्या. पडलेल्या झाडांच्या जागी नवी रोपं, पुरुषभर उंचीची, जाळीसकट फुकट मिळणार होती. पण पावसाच्या पाण्याच्या नव्या गटारीमुळे एका घरापुढे तीनच. खड्डे चार, रोपं तीन. आणि ती कुणाच्या नावाने लावायची ते घरच्यांनी ठरवून ठेवायचं. त्यासाठीच रविवार धरून श्रीदेवी आदल्या दिवशीच अकलूजहून येऊन बसली होती.

व्हरांड्यात चहा झाला, पोहे झाले, आणि श्रीदेवीने बशी खाली ठेवता ठेवता थोरल्या भावाला पकडलं.

"अण्णा, एक खरं सांग. सगळ्यांच्या झाडांना कट्टे बांधलेस, तुझ्याच झाडाचा कसा राहिला?"

"सिमेंट संपलं," गुरुशांत म्हणाला. एकसष्ट वर्षांचा माणूस, नवी पेठेत कापडाचं दुकान चालवणारा, दिवसभर बायकांना ठणकावून सांगणारा की रंग जाणार नाही. पण बहिणीपुढे त्याचा आवाज बसे.

"आमच्या मुळांवर ओतून संपलं व्हय?"

ह्यात तथ्य होतं. आप्पांच्या पंचाहत्तरीला गुरुशांतने हौसेने झाडांना कट्टे बांधले होते. बुंध्याला भिडवून काँक्रीट, वर पांढरी फरशी, फरशीवर ज्याचं त्याचं नाव. कडुनिंबाच्या फरशीवर कुणाचं नाव घालायचं ते ठरेना तेव्हा गवंडी खोळंबायला नको म्हणून ॐ नमः शिवाय घातलं. सगळ्यांनी फोटो काढले. आता पडलेली खोडं कापायला आलेल्या मुकादमाने मुळं उलटी करून दाखवली: कट्ट्याच्या आत गोल गोल फिरून ती सुतळीच्या गुंडीसारखी झाली होती. खाली उतरायला, बाजूला पसरायला त्यांना जागाच मिळाली नव्हती. ज्याला कट्टा नाही तो करंज तेवढा तगला.

"मी मुद्दाम केलं व्हय? माझं सगळ्यांत शेवटी करू म्हणलं होतं. आदी तुमची."

"बघ की चन्नू, काय म्हणतोय."

"बरोबर हाय अक्काचं," चन्नवीर लगेच बहिणीच्या बाजूला गेला. "अण्णाचं उभं हाय, तवा त्याचा आता काय संबंध न्हाय. राहिलो तीन. अक्का, मी, सिद्धू. तीन रोपं. विषय संपला. अक्काचं तिकडं ट्रान्सफॉर्मरपाशी—"

"ट्रान्सफॉर्मरपाशी?" श्रीदेवी बहीण-भावाची युती तीन मिनिटांत मोडून उभी राहिली. "का म्हणून? वायरमन येऊन दरसाली शेंडा छाटायला? माझी जागा गेटपाशी होती."

"गेटपाशी तुझी फांदी आप्पांच्या डोक्यावर पडायची. तवा तूच म्हणलीस."

"मी म्हणलं, फांदी काढा. झाड काढा न्हाय म्हणलं."

आप्पा खुर्चीत बसून हे सगळं ऐकत होते की नाही, कळायला मार्ग नव्हता. शहाऐंशी वर्षांचे, कानातलं यंत्र हवं तेव्हा चालू आणि नको तेव्हा बंद. त्यांची बोटं गळ्यातल्या इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीवर, करडग्यावर, फिरत होती.

दाक्षायणीने बशा गोळा केल्या. बशा हातात असल्या की माणसाला बोलायचा धीर येतो, किंवा न बोलता आत जाता येतं. दोन्ही सोयी असतात.

"कडुनिंबाचा खड्डा ठेवता आला असता तर," ती म्हणाली.

कुणी ऐकलं नाही. तिने पुन्हा म्हटलं, थोडं मोठ्याने.

"तो कशाला, वहिनी?" चन्नवीर वळला. "ते कुणाचं होतं तरी? नाव न्हाय, गाव न्हाय. उगं मधे उभं. गाडीचा तेवढा चुराडा केला."

"कुणाचं नव्हतं असं कसं," गुरुशांत म्हणाला. "कॉर्पोरेशननं लावलं ते. एका वर्षी सगळ्या गल्लीत दिलं नव्हतं का?"

"ते अशोक दिलं होतं, कडुनिंब न्हाय," श्रीदेवी म्हणाली. "कडुनिंब माझा. माझा पहिला गुलमोहर शेळीनं खाल्ला, तवा अव्वानं त्याच्या बदली कडुनिंब लावला. मग गुलमोहर परत फुटला. म्हंजे माझी दोन."

"म्हणजे आता दोन रोपं तुलाच?"

"मी दोन मागितली का? मी फक्त सांगतीय."

"अक्का, शेळीनं खाल्लं तवा तू पाच वर्षांची असशील. कडुनिंब एवढा जुना नव्हता. मला आठवतंय, मी पुण्याला लागलो तवा तो हितं कमरेएवढा होता."

दाक्षायणी दारात उभी राहून एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. तिला वाटलं होतं, ह्यातल्या कुणाला तरी निदान अंधुक माहीत असेल. चंद्रव्वांनी मुलीला तरी सांगितलं असेल. आणि इथे कुणी शेळी काढत होतं, कुणी महापालिका. आपण एकटीनेच ठरवलं की काय सगळं? हातातल्या बशा तिने खिडकीत ठेवल्या.

"आप्पांना विचारा," ती म्हणाली.

चन्नवीरने वडलांच्या कानाशी जाऊन विचारलं. आप्पांनी यंत्र चाचपलं.

"कडुनिंब? तो सिद्धूचा."

"सिद्धूचा कांचन, आप्पा."

"कांचन चन्नूचा."

"माझा सोनमोहर."

"मग तेच म्हणतोय मी," आप्पा चिडले. "सोनमोहराला वाळवी लागली, म्हणून शेजारी कडुनिंब लावायला सांगितला. कडू असतो, वाळवी येत न्हाय. का ते तिकडं शेतात? थांबा." त्यांनी डोळे मिटले. सगळे थांबले. "न्हाय, शेतात बाभळ होती."

श्रीदेवीने कपाळाला हात लावला. पाच मिनिटांत कडुनिंबाचे चार मालक झाले होते आणि खड्डा होता तसाच उघडा होता. दाक्षायणीला एकाच वेळी हसू येत होतं आणि ओरडावंसं वाटत होतं. ती दारातून पुढे आली. आप्पांच्या खुर्चीपुढे उकिडवी बसली आणि लग्न होऊन आल्यापासून कधी धरला नव्हता तो सासऱ्यांचा हात तिने धरला.

"आप्पा, मी अक्कलकोटहून आले तवा तो एवढा होता," तिने वीत दाखवली. "अव्वांनी लावला होता ना? आठवा की जरा. अव्वांनीच ना?"

आप्पांनी तिच्या वितीकडे बघितलं. मग तिच्याकडे. एवढा वेळ गळ्याशी फिरणारी त्यांची बोटं थांबली.

"ते व्हय," ते म्हणाले, आणि आवाज एकदम ताळ्यावर आला. "ते कुणी लावलेलं न्हाय. कावळ्यानं टाकलेली निंबोळी ती. आपोआप आलं. मी उपटायला गेलो होतो, मधेच उगवलं म्हणून. तुझी सासू आडवी आली. म्हणली, हात लावू नका. म्हणलं, का? म्हणली, दाक्षी त्याला पाणी घालतीय."

आप्पांनी आपलं काम झाल्यासारखा हात सोडवून घेतला.

दाक्षायणीला उठायचं होतं, पण उठून कुठे जायचं ते तिला सुचेना. म्हणजे कुणीच लावलं नव्हतं. एकतीस वर्षं ती ज्याच्यापाशी उभी राहून मनातलं बोलली, ती एका कावळ्याची करामत होती. आणि तरी चंद्रव्वांना माहीत होतं. त्यांनी लावलं नाही, पण राखलं. ती समजत होती की सासूबाईंनी लावलंय म्हणून आपण पाणी घालतोय, आणि सासूबाई राखत होत्या ती पाणी घालते म्हणून. मग सुरुवात कुणी केली होती? आपलं काही गेलं की काही मिळालं, हेच तिला कळेना. पदराने तोंड पुसलं तेव्हा ते ओलं आहे हे तिच्या ध्यानात आलं.

"वहिनी?" चन्नवीर म्हणाला. "काय झालं? पाणी घालत होता म्हंजे?"

"ती माझ्या मुलीची जागा हाय," दाक्षायणी म्हणाली.

हे वाक्य ती मनात कितीदा बोलली असेल. तोंडातून बाहेर पडलं ते भाजीचा दर सांगावा तसं.

"पहिली. नऊ दिवसांची गेली ती. मला वाटायचं, अव्वांनी तिच्या नावानं लावलंय. न्हाय लावलं म्हणे. नसेल लावलं. पण मी तर तिचंच म्हणून वाढवलं की. आता तो खड्डा बुजवून त्याच्यावर गाडी उभी करायची, हे मला बघवायचं न्हाय. भावजी, तुम्ही पाहिजे तर सिद्धूचं रोप कमी करा. मी त्याला सांगते फोनवर. पण तो खड्डा द्या."

"असं कसं!" गुरुशांत एकदम बोलला. "जित्या पोराचं झाड काढून? भलतंच काय बोलतीस?"

"मग माझं कापा म्हणायचंय का तुला?" चन्नवीर उसळला. टेप त्याच्या हातात होता. तो त्याने खेचला, सोडला, पुन्हा खेचला.

गुरुशांत पायऱ्या उतरला, चपला न घालता करंजापर्यंत गेला आणि सगळ्यांकडे पाठ करून उभा राहिला. दाक्षायणीला त्याचं नवल वाटलं नाही. त्या वेळीही तो असाच पाठ करून उभा राहिला होता. "तेव्हाचं ते" निघालं की तो दुकानात जाई, नळ दुरुस्त करी, काहीही करी, पण तिथे थांबत नसे. आज रविवार, दुकान बंद, म्हणून करंज. तिला त्याचा राग यायचाही कंटाळा आला होता.

श्रीदेवी मात्र हलली. ती जाडजूड बाई. खुर्चीतून उठायला तिला दोन्ही हात टेकावे लागत. ती उठली, येऊन दाक्षायणीशेजारी खाली बसली आणि गुडघे चोळू लागली.

"बॅग भरली होती मी," ती म्हणाली. "बारशाला यायची म्हणून. आत्या न्हाय का मी? कुंची शिवली होती. निघायच्या आदल्या दिवशी फोन आला. तवा बॅग तशीच पलंगाखाली सारली, ती दिवाळीला काढली. मग तुम्हाला भेटायला आले, तवा वाटलं, आपण विषय काढला आन् तुम्ही रडलात तर? म्हणून मी आपली साड्यांचं बोलत बसले."

"इरकल," दाक्षायणी म्हणाली. "हिरवी की निळी, ते विचारत होतात."

"आन् तुम्ही निळी म्हणलात. मला वाटलं, सावरल्या बाई."

दोघी हसल्या. ते हसणं फार चांगलं नव्हतं, पण हसणंच होतं.

"माझं राहू द्या," श्रीदेवी उठत म्हणाली. "अकलूजला दारात माझे चार आंबे हायत. हितला गुलमोहर मी वर्षातून दोनदा बघत होते, तेही चन्नूनं त्याखाली गाडी लावली म्हणून भांडायला. ए चन्नू, माझा खड्डा बुजव आन् तितं कर तुझं गेट."

"तितं नऊ फूटच भरतंय," चन्नवीर कुरकुरला.

"मग गाडी बारकी घे."

चन्नवीर नऊ फुटांची जागा पुन्हा मोजायला गेला. कुणाची तरी हार झाली होती असं त्याला वाटत होतं, पण नेमकी कुणाची हे ठरत नसावं, कारण मोजता मोजता तो दोनदा थांबून वहिनीकडे बघून गेला. तिसऱ्यांदा तो जवळ आला आणि म्हणाला, "वहिनी, मला खरंच ठाऊक नव्हतं. मी तवा परीक्षेला होतो. मला कुणी कळवलं न्हाय." दाक्षायणीने मान हलवली. त्यालाही कळवलं नव्हतं, हे तिला आजच कळत होतं.

बारा म्हणता म्हणता साडेबाराला महापालिकेचा टेम्पो आला. मॅडम तरुण होत्या, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, हातात फॉर्मची चळत. मुकादमाने पहारीने कट्ट्यांचं उरलेलं काँक्रीट उचकटायला घेतलं.

"हे सगळं काढायचं," मॅडमनी बजावलं. "बुंध्यापासून तीन फूट मातीच पाहिजे. कट्टा नको, फरशी नको. आणि गुलमोहर मागू नका, त्याचं लाकूड ठिसूळ. बहावा आहे, करंज आहे, कडुनिंब आहे."

"कडुनिंब हितं," दाक्षायणी म्हणाली, आणि आपणच पुढे होऊन खड्ड्याच्या काठाशी उभी राहिली.

रोप खाली उतरवलं. तिच्यापेक्षा हातभर उंच होतं. शेणखत पडलं, पोयटा पडला, मुकादमाने मुळांचा गोळा अलगद सोडला आणि भोवतीची पिशवी ब्लेडने कापली. करंजापाशी उभा असलेला गुरुशांत कधी येऊन रोपामागे उभा राहिला ते तिला कळलं नाही. घोरपडीच्या कातडीसारखे भेगाळलेले त्याचे अनवाणी पाय मातीत रुतलेले दिसले तेव्हा तिने वर पाहिलं. आयुष्यभर कोऱ्या ताग्यांच्या घड्या मोडणारे त्याचे हात रोप सरळ धरून होते.

"फॉर्म भरून घेऊ," मॅडम म्हणाल्या. "प्रत्येक झाड कुणाच्या नावाने, ते लिहायचं. हा बहावा?"

"चन्नवीर वीरभद्रप्पा मंगरुळे," चन्नवीर म्हणाला.

"पलीकडच्या टोकाचा?"

"सिद्धेश्वर गुरुशांत."

"आणि हे मधलं?"

"नीलांबिका," दाक्षायणी म्हणाली.

"अंकिता," गुरुशांत म्हणाला.

दोघं एकदम बोलली होती. मॅडमचं पेन हवेत राहिलं. श्रीदेवी दोघांकडे आळीपाळीने बघू लागली, आणि व्हरांड्यातून आप्पांनी, यंत्र चालू असल्याची खूण म्हणून की काय, "येनु?" असं कानडीत विचारलं. काय म्हणालात?

दाक्षायणी नवऱ्याकडे वळली.

"हे कुटनं काढलंत?"

"काढलं न्हाय. होतंच," गुरुशांत रोपाकडे बघत म्हणाला. "तिसऱ्या दिवशी तुम्हाला दोघींना बघून परत येत होतो की, एसटीत. वळसंगपासून सोलापूरपर्यंत नुसती नावंच घोळवत होतो. अंकिता पक्कं केलं. म्हणलं, बाराव्याला श्रीदेवीच्या कानात सांगू."

"मला न्हाय सांगितलंत."

"तू कुटं सांगितलंस?"

हे खरं होतं. तिने त्याला विचारलं नव्हतं, त्याने तिला विचारलं नव्हतं, आणि एकाच घरात, एकाच छपराखाली एकतीस वर्षं दोन मुली वाढत होत्या. तिची नीलांबिका शहाणी, अबोल, एम.ए. होऊन अक्कलकोटच्या शाळेत शिकवायला लागली होती. त्याची अंकिता काय करत होती, कोण जाणे. दुकानात गल्ल्यावर बसत असेल. बापाला ओरडत असेल, चहा कमी प्या म्हणून. दाक्षायणीला तिच्याविषयी काहीच माहीत नव्हतं, आणि ते सगळं आत्ताच्या आत्ता विचारून घ्यावं असं तिला वाटलं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"अंकिता काय! घराघरात एक अंकिता हाय."

"तवा नव्हती. तवा नवीन होतं," गुरुशांत म्हणाला. त्याचा आवाज फुटला होता आणि तरी त्यात दुकानातला ठसका आला. "आन् नीलांबिका? शाळेत पोरांनी चिडवून जीव घेतला असता तिचा."

"चिडवलं असतं तर मी गेले असते की शाळेत. बघितलं असतं कोण चिडवतंय ते."

"तू जाणार! तू सिद्धूच्या शाळेत कधी गेलीस? मलाच पाठवायचीस."

"नाव ठेवायचा मान आत्याचा असतोय," श्रीदेवी मधे पडली. तिचे डोळे डबडबले होते आणि ती कुणाची बाजू घ्यायची ह्या पेचात होती. "पण आदी तुमचं दोघांचं एक काय ते होऊ द्या."

मॅडमनी घड्याळ बघितलं. पुढच्या गल्लीत अजून सात खड्डे होते, मुकादम माती दाबून हात झटकत उभा होता, आणि टेम्पोवाल्याने एकदा हॉर्नही वाजवला.

"काकू, मला एकच नाव लिहिता येईल," त्या म्हणाल्या. "काय लिहू?"

"थांबा हो जरा," दाक्षायणी म्हणाली. "आमचं अजून ठरायचंय."